मानेचा वरचा मणका सरकलाय? नुसत्या कॉलरवर (मानेच्या पट्ट्यावर) राहू नका

आमच्याकडे कॉलर घ्यायला येणारे बरेच जण सांगतात, पूर्वी कधीतरी पडलो होतो तेव्हापासून मान आखडलीये, मालिश झाली, गोळ्या झाल्या, आणि आता हाताला मुंग्या येतात, शर्टाची बटणं लागत नाहीत, चालताना तोल जातो. असं असेल तर कॉलरचं नंतर बघू, आधी स्पाइन सर्जन किंवा न्यूरोसर्जनला दाखवा.

डोकं डावी-उजवीकडे वळतं त्यातलं जवळपास निम्मं काम वरच्या दोन मणक्यांमधे, सी वन-सी टूमधे होतं. सी टूचं दातासारखं हाड सी वनच्या कड्यात बसतं आणि एक लिगामेंट, म्हणजे हाडं बांधून ठेवणारा चिवट पट्टा, त्याला धरून ठेवतं. अपघातात हे लिगामेंट किंवा हाड तुटलं, किंवा आमवात, टीबी, जन्मजात दोष असला तर सी वन सरकतो नि मज्जारज्जू दाबला जातो. साध्या एक्सरेत हे कधीकधी सुटतं, मग सीटी, एमआरआय लागतो.

जुनं झालंय, आता काय होणार, असं धरून बसू नका. जुन्या केसमधे सांध्यात चिवट टिश्यू भरतो म्हणून आधी डोक्याला वजन लावून ट्रॅक्शन देऊन बघतात, मणका जागेवर आला तर मागून स्क्रू बसवून फिक्स करतात. ही स्क्रूची पद्धत तेव्हा आपल्या मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधे असलेल्या डॉ. अतुल गोयल यांनी १९९४ साली मांडली, पुढे २००१ मधे जर्मनीच्या हार्म्स यांनी त्यात रॉड वापरले, आज ती जगभर गोयल-हार्म्स नावाने चालते. मणका अडूनच बसला असेल तर तोंडातून जाऊन पुढचा भाग मोकळा करतात किंवा मागूनच सांधा उघडून जागेवर आणतात, आणि दोन्ही मणके जुळावेत म्हणून बहुतेकदा कमरेच्या हाडाचा तुकडा घेऊन तिथे लावतात.

ऑपरेशन मोठं आहे, स्क्रूच्या अगदी शेजारून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी जाते, त्यामुळे अशा केसेस नेहमी करणाऱ्या सर्जनकडेच जा. नंतर मान आधीइतकी वळत नाही. गेलेली ताकद सगळीच परत येईल असंही नाही, पण दाब निघाला की बिघडत जाणं थांबू शकतं आणि बऱ्याच जणांना फरक पडतो, म्हणूनच उशीर करू नका म्हणतो.

आणि कृपा करून सलूनमधे मान कडकन मोडून घेऊ नका, हाडवैद्याकडून ओढूनही घेऊ नका, मज्जारज्जूला इजा होऊन हातपाय जाऊ शकतात, श्वासही बंद पडू शकतो.

ऑपरेशननंतर कॉलर किती दिवस आणि कुठली ते सर्जनच ठरवतात. त्यांची चिठ्ठी घेऊन घरच्या कुणीतरी या, पेशंटला आणू नका, माप घ्यायला आमचा माणूस घरी येईल.