रीफ टँकचा दिवा घेण्याआधी

रीफ टँक म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक. दुकानात येणारे बहुतेक जण आल्या आल्या विचारतात, "चार फुटी टँक आहे, किती वॉटचा दिवा लागेल?" आम्ही उलट विचारतो, "टँकमध्ये ठेवणार काय?" विजेची खरी बचत या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. म्हणून हे माहितीपत्रक तिथूनच सुरू करतो.

माशाला उजेड दिसण्यापुरता लागतो, कोरलला तो जेवणासारखा लागतो. कोरल हा प्राणी आहे, पण त्याच्या अंगात झूझॅन्थेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा कोरलला देतं. उजेड कमी पडला तर कोरल हळूहळू उपाशी मरतं. फार झाला तर शैवालाला तो सोसत नाही, कोरल ते अंगाबाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. शिवाय ठरावीक पातळीच्या वर उजेड कितीही वाढवला तरी अन्न वाढत नाही, मीटर मात्र पळत राहतो.

हा उजेड 'पार' या मापात मोजतात. ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचे किती प्रकाशकण एका चौरस मीटरवर दर सेकंदाला पडतात, याचं हे माप. मश्रूम, झोआ, लेदर अशी मऊ कोरल ५० ते १०० पारमध्ये मजेत राहतात. हॅमर, टॉर्च यांसारख्या एलपीएस, म्हणजे मोठ्या पॉलिपच्या (एकेका जिवाच्या) दगडी कोरलना साधारण ७५ ते १५० पुरतो. ॲक्रोपोरासारख्या एसपीएसना, म्हणजे लहान पॉलिपच्या दगडी कोरलना, मात्र २०० ते ३५० द्यावा लागतो. म्हणजे त्याच चार फुटी टँकला एका घरी जेवढी वीज लागेल, त्याच्या तिप्पट शेजारच्या घरी लागू शकते. तुम्हाला झोआ आणि मश्रूमच आवडत असतील, तर एसपीएसचा दिवा विकायला आम्हाला जमेल, पण तो घेऊ नका असंच आम्ही सांगू.

खोक्यावरचे ल्युमेन पाहून ठरवू नका. ल्युमेन आणि लक्स ही माणसाच्या डोळ्याची मापं आहेत. आपल्या डोळ्याला ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवट-पिवळा उजेड सर्वांत प्रखर वाटतो, निळा फिका वाटतो. कोरलचं नेमकं उलट आहे, त्याचं काम निळ्यावर चालतं. याचं कारण समुद्रात आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँक नावाचं बुडालेलं प्रवाळी पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. त्याचा माथासुद्धा पाण्याखाली वीसेक मीटर आहे. पाणी आधी लाल रंग शोषतं, मग नारिंगी आणि पिवळा. तेवढ्या खोलीवर उरतो तो मुख्यतः निळा. तिथल्या कोरलची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय त्या निळ्याची. म्हणून रीफचा दिवा खोलीत लावला की निळसर आणि जरा मंद वाटतो. तो मंद नसतो.

एलईडी इथेच कामाला येतो. निळा एलईडी थेट निळाच उजेड देतो. मेटल हॅलाइड हा जुन्या पद्धतीचा प्रखर दिवा सगळे रंग देतो, वर भरपूर उष्णताही फेकतो, आणि त्या सगळ्याचे पैसे आपण भरतो.

बिलाचा हिशेब

चार फुटी टँकवर २५० वॉटचे दोन हॅलाइड दिवे, चोक धरून सुमारे ५५० वॉट. रोज ८ तास लावले तर ४.४ युनिट, महिन्याला १३२. त्याच टँकवर १०० वॉटचे दोन एलईडी धरा. सकाळी मंद, दुपारी पूर्ण, संध्याकाळी पुन्हा मंद असे १० तास चालवले आणि सरासरी १४० वॉट ओढले, तर रोज १.४ युनिट आणि महिन्याला ४२ होतात. फरक ९० युनिटांचा. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांनी चढतो. १०० युनिटांपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला बराच जास्त, ३०० च्या पुढे आणखी. टँकची वीज घरच्या वापराच्या वर बसते, म्हणून तिला तुमचा सर्वांत महाग दर लागतो. सगळे आकार धरून वरच्या टप्प्यात तुम्हाला युनिट १२ रुपयांना पडत असेल, तर ९० युनिटांचे १,०८० रुपये होतात. स्वतःचा आकडा बिलाच्या मागे बघा आणि त्याने गुणा.

हॅलाइडचे बल्ब आणि टी-फाइव्ह (बारीक ट्यूबलाइट) ट्यूब वर्षभरात बदलाव्या लागतात, तो खर्च वेगळा. त्या पेटत राहतात, पण त्यांचा रंग आणि जोर उतरलेला असतो, आणि टँकमध्ये शेवाळ वाढलं की मग लक्षात येतं. एलईडीच्या खोक्यावर ५०,००० तास लिहिलेले असतात. रोज १० तास धरले तर हे तेरा वर्षांहून जास्त झाले. पण हा आकडा चिपचा आहे. आतला पंखा आणि ड्रायव्हर (चिपला वीज पुरवणारं सर्किट) त्याच्या खूप आधी जातात, म्हणून ते सुटे मिळतात का, एवढं आधी विचारून घ्या.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. दिवा बदलला की सगळं बिल उतरेल असं समजू नका. ५० वॉटचा रिटर्न पंप (गाळलेलं पाणी परत टँकमध्ये चढवणारा) २४ तास चालतो, म्हणजे महिन्याला ३६ युनिट, जवळपास वरच्या दोन एलईडींइतके. जुना एसी पंप असेल तर वेग कमी-जास्त करता येणारा डीसी पंप बघा. काही घरी आम्ही आधी पंप बदलायला सांगितला आहे आणि दिवा तसाच ठेवला आहे.

नाशिकचा उन्हाळा

कोरलला पाणी २४ ते २७ अंशांचं आवडतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो. सिडको-इंदिरानगरच्या वरच्या मजल्यावरची पश्चिमेची खोली रात्री दहालाही तापलेली असते. अशा खोलीत टँकवर ५५० वॉटचे दिवे म्हणजे शेगडीच. मग चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, घ्यावा लागतो, आणि चिलर आणखी वीज खातो. एलईडीमुळे हा दुसरा खर्च टळतो, किंवा निदान लहान चिलरवर भागतं.

चिलर घेण्याआधी साधा पंखा लावून बघा. आपली उन्हाळ्याची हवा कोरडी असते. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला की बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. मुंबईच्या दमट हवेत ही युक्ती एवढी चालत नाही, आपल्याकडे चालते. पाऊस लागला की मात्र तिचा जोर कमी होतो. उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचं साधं पाणी घाला, मिठाचं नव्हे, कारण वाफ होताना मीठ मागे राहतं. हिवाळ्यात उलट होतं. थंड रात्री हीटर लागेलच, आणि हॅलाइड काढल्यावर पूर्वीपेक्षा थोडा जास्त चालेल. वर्षाचा हिशेब करताना हेही धरा.

दिवा निवडताना

स्वस्त दिव्याच्या खोक्यावर '१६५ वॉट' लिहिलेलं असतं. तो अनेकदा चिपच्या कमाल क्षमतेचा गुणाकार असतो, प्रत्यक्षात दिवा त्याहून बराच कमी ओढतो. प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर काउंटरवर ठेवलेला आहे. कुठलाही दिवा त्यावर लावून दाखवा म्हणा, आम्ही दाखवू.

एक मोठा दिवा पूर्ण ताकदीवर चालवण्यापेक्षा दोन दिवे अर्ध्यावर चालवणं आम्हाला जास्त पटतं. कमी करंटवर एलईडीची चिप प्रत्येक वॉटमागे जास्त उजेड देते, थंड राहते आणि टिकते. शिवाय दगडांमागे सावल्या पडत नाहीत. सावलीतली फांदी मरते आणि मालकाला वाटतं, पाण्यात काहीतरी बिघडलं. एक दिवा साधारण दोन बाय दोन फुटांचा भाग नीट उजळतो, म्हणून चार फुटी टँकला दोन हा हिशेब. सुरुवातीला खिशाला जास्त लागतं, हे खरं.

नवा दिवा लावताना घाई करू नका. हे आम्ही आमच्या चुकीतून शिकलो. एका ग्राहकाच्या जुन्या ट्यूब काढून आम्ही एलईडी बसवले आणि ते पूर्ण ताकदीवर चालू करून निघून आलो. आठवड्याभरात त्यांचं तीन वर्षं वाढवलेलं हॅमर पांढरं पडलं. ते वाचलं नाही. तेव्हापासून आम्ही दिवा ३० ते ४० टक्क्यांवरच लावून देतो आणि दर आठवड्याला थोडा वाढवत तीन-चार आठवड्यांनी हव्या त्या पातळीवर आणायला सांगतो. टायमरचं सेटिंग आम्ही स्वतः करून देतो.

नंतरची देखभाल सोपी आहे. महिन्यातून एकदा लेन्सवरचा मिठाचा थर ओल्या फडक्याने पुसा आणि पंख्यातली धूळ काढा, आणि त्याआधी दिवा बंद करा. टँकवर काच असेल तर तीही पुसा. मळक्या काचेत अडलेल्या उजेडाचं बिलही येतंच.

खारं पाणी आणि वीज एकत्र असताना सुरक्षेत काटकसर नको. अर्थिंग तपासून घ्या, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली झोका ठेवा, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी खालीच टपकेल, सॉकेटपर्यंत जाणार नाही. वीज गेली तर दिव्याची काळजी करू नका, अंधारात कोरल एक-दोन दिवस सहज काढतं. पाणी हलायचं थांबलं तर मात्र प्राणवायू संपतो. म्हणून इन्व्हर्टरवर आधी वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलवणारा पंप) किंवा एअर पंप ठेवा.

आम्ही जिवंत कोरल विकत नाही. आपल्या समुद्रातल्या दगडी प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या परिशिष्ट १ चं संरक्षण आहे. कुणी मालवणहून आणलेला तुकडा स्वस्तात देऊ म्हणालं तर घेऊ नका, मग तो मेलेला असला तरी. कोरल घेताना विक्रेत्याकडे आयातीची कागदपत्रं मागा. ती नसतील तर त्या टँकसाठी आम्ही दिवा देणार नाही.

दुकानात येताना टँकची लांबी-रुंदी-उंची, पाण्याच्या पृष्ठभागापासून दगडाच्या माथ्यापर्यंतचं अंतर, टँकचा एक फोटो आणि मागच्या महिन्याचं वीजबिल घेऊन या. पार मीटर महाग असतो, तो प्रत्येकाने घ्यायची गरज नाही. आमच्याकडचा मीटर घेऊन आम्ही शहरात कुठेही घरी येतो आणि तळ, मध्य, माथा असा तीन ठिकाणचा पार मोजून लिहून देतो. दिवा दुसरीकडून घेतलेला असला तरी चालेल.