तीन हजारांपुढे एक हजार

युद्धाची बातमी आली की वाहिन्यांवर तक्ता झळकतो: इकडे इतके रणगाडे, तिकडे इतके. लहान देशाचा आकडा पाहून आपण निकाल लावून मोकळे होतो. शेजारच्या वाहिनीवर तोच निकाल ग्रहांवरून लावला जात असतो. तक्ता त्याहून बरा, पण फार नाही.

फ्रेडरिक लँचेस्टर हा मोटारी आणि विमानांत रमणारा इंग्रज अभियंता. लढाईचे त्याचे गणित १९१६ साली पुस्तकात आले. समजा, सारख्याच दर्जाच्या दोन फौजा मोकळ्या मैदानात समोरासमोर आहेत, ३,००० आणि १,०००. कोणीही कोणावरही गोळी झाडू शकतो. मोठ्या फौजेच्या बंदुका तिप्पट, शिवाय तिच्यावर होणारा मारा तिप्पट माणसांत विभागला जातो. म्हणून तिची ताकद तिप्पट नव्हे, नऊपट ठरते. ताकद संख्येच्या वर्गाने वाढते. लहान फौज पुरती संपते तेव्हा मोठीचे फक्त १७२ सैनिक पडलेले असतात (९ वजा १ म्हणजे ८, त्याचे वर्गमूळ २.८२८, म्हणून २,८२८ शिल्लक).

तीच लढाई अरुंद खिंडीत, एकास एक अशी झाली तर? लहान फौज तरीही संपते, पण मोठीचे १,००० जण घेऊन. विजयाची किंमत जवळजवळ सहापट!

मला सर्वांत आवडते ते पुढचे. तीन हजारांचे ३००-३०० चे दहा तुकडे पाडले, ते एकमेकांच्या मदतीला येऊ शकत नाहीत, आणि आपले सगळे हजार एकेका तुकड्यावर तुटून पडले. ३०० चा वर्ग ९०,०००, दहा तुकड्यांचे मिळून ९ लाख. हजाराचा वर्ग १० लाख. हजारवाले जिंकतात, सुमारे ३१६ उरतात!

सोव्हिएत संघाने फिनलंडवर हल्ला केला होता, तेव्हा जानेवारी १९४० मध्ये फिनलंडच्या राते रस्त्यावर साधारण हेच घडले. सोव्हिएत ४४ वी डिव्हिजन जंगलातल्या एकाच रस्त्यावर लांबच लांब पसरली होती, बाजूला गुडघाभर बर्फ. स्कीवरून आलेल्या फिन सैनिकांनी तिचे तुकडे पाडले. अर्थात थंडी, भूक आणि गोंधळ समीकरणात बसत नाहीत. मार्चमध्ये फिनलंडला तह करून सुमारे एक दशांश प्रदेश सोडावा लागला. स्वातंत्र्य मात्र टिकले.

या गणितात एक गृहीतक दडलेले आहे: गोळ्या संपत नाहीत आणि मागे घरची माणसे तग धरतात. फिनलंडचे आजचे सुरक्षा धोरण त्याच गृहीतकावर खर्च करते. पुरुषांना सक्तीची लष्करसेवा, मग राखीव दलात नाव. सुमारे ५६ लाख लोकसंख्येपैकी ४८ लाखांना पुरतील एवढे बॉम्बहल्ल्यापासून बचावाचे निवारे. धान्य आणि इंधनाचे साठे सांभाळणारी स्वतंत्र सरकारी संस्था. खासदार, संपादक, उद्योजक यांना एकत्र बसवणारे संरक्षण अभ्यासक्रम तर १९६१ पासून चालू आहेत. एप्रिल २०२३ मध्ये नाटोत गेल्यावरही यातले काही गुंडाळलेले नाही.

‘ड्रोन आले, आता लहान देश अजिंक्य’ हे मला पटत नाही. ड्रोन बलाढ्यालाही मिळतो. शिवाय झाडांआड दबा धरलेली तुकडी त्याला वरून हेरता येते. तसे झाले की खिंडीचे पुन्हा मैदान होते, आणि मैदानात वर्गाचा नियम चालतो.