मेम्ब्रेन चोकअप झालीय की भिजलीय?

आरओ जळगाव-धुळ्यात कुणाला शिकवायला नको. बोअरचं पाणी जड, गल्लोगल्ली जारवाले. दाब देऊन पाणी मेम्ब्रेनमधून (गाळणीच्या पातळ पडद्यातून) ढकलतात, एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. मी बोलतोय ते पाणी गोडं करायच्या दुसऱ्या पद्धतीबद्दल, मेम्ब्रेन डिस्टिलेशनबद्दल. त्यात पाणी पलीकडे जातच नाही, जाते फक्त वाफ. एकीकडे ६०-८० अंशांचं खारं पाणी, दुसरीकडे गार, मधे टेफ्लॉनसारखी पाणी अंगाला लावून न घेणारी मेम्ब्रेन. दाब जवळपास नाहीच.

माझं डोकं फिरतं ते पुढे. पाणी कमी आलं की ‘मेम्ब्रेन गेली’, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) वाढला तरी ‘मेम्ब्रेन गेली’. अहो, ही दोन वेगळी दुखणी आहेत!

चोकअप रावेर-यावलच्या केळीवाल्याला बरोबर कळेल. ठिबकच्या ड्रिपरमध्ये क्षार बसतात, तसेच इथे मेम्ब्रेनच्या तोंडावर बसतात. इथे जास्तच, कारण कॅल्शियम कार्बोनेट गरम पाण्यात कमी विरघळतं. थर बसला की मेम्ब्रेनलगतचं पाणी गार पडतं, वाफ घटते आणि कार्यक्षमता उतरते. पण जेवढं पाणी येतं ते शुद्धच येतं. सौम्य सायट्रिक अॅसिड फिरवा, कार्बोनेट सुटतो. जिप्समचा थर मात्र अॅसिडला दाद देत नाही.

भिजणं म्हणजे मेम्ब्रेनच्या बारीक छिद्रांतली हवा जाऊन तिथे खारं पाणी शिरणं. मग वाफेऐवजी ते पाणीच पलीकडे उतरतं. कधीकधी उत्पादन चक्क वाढतं, ऑपरेटर खूश होतो, आणि तिकडे टीडीएस चढत असतो. म्हणून नुसत्या लिटरवर नजर ठेवणाऱ्याला यातलं काही कळत नाही. कारणं दोन-तीनच: तेल, साबण, नाहीतर साफ न केलेल्या थराचे स्फटिक छिद्रांत वाढणं. म्हणजे चोकअपकडे दुर्लक्ष केलं की त्यातूनच भिजणं येतं, आणि घोळ इथेच होतो.

आता आरओवाला मेकॅनिक येतो आणि सवयीने डिटर्जंट फिरवतो. साबणाने पाण्याचा पृष्ठताण उतरतो आणि पाणी छिद्रांत सहज घुसतं. धड असलेली मेम्ब्रेनही भिजते. भिजलेली मेम्ब्रेन आधी गोड्या पाण्याने धुऊन मीठ काढायचं, मग पूर्ण वाळवायची. आरओची मेम्ब्रेन वाळली की बिघडते, ही वाळवल्याशिवाय सुधारत नाही. ओलीच ठेवून मशीन बंद केली, तर छिद्रांत मीठ धरतं.

‘आपल्याकडे ४५ अंशांचं ऊन आहे, फुकटात होईल,’ हेही ऐकून कंटाळलोय. हजार लिटर पाण्याची वाफ करायला साधारण ६५० युनिट उष्णता लागते. ती परत वापरली नाही तर उन्हाने पाणी तापवणाऱ्या सोलर कलेक्टरचा खर्चच अंगावर येतो. समुद्राचं तेवढंच पाणी गोडं करायला आरओला ३-४ युनिट वीज पुरते. म्हणून त्याहून कमी खाऱ्या बोअरला आरओच बरी. आरओतून उरलेलं, जारवाले गटारीत सोडतात ते जास्त खारं रिजेक्ट पाणी आणखी आटवायला मात्र डिस्टिलेशन कामाचं आहे: खारटपणा वाढला की आरओला दाब वाढवावा लागतो, इथे वाफ थोडीच घटते. फक्त आधी त्यातला कॅल्शियम काढून घ्या.