छोटं यान, आधी कागदावर

विज्ञानकथा मालिकेतलं यान पडद्यावर जेमतेम चार सेकंद दिसतं. पण मॉडेल केवढं करायचं, ते कोणत्या बाजूने येणार, कॅमेरा किती वेगाने चालवायचा, हे सगळं त्याआधी कागदावर ठरवावं लागतं. मिनिएचरच्या, म्हणजे छोट्या मॉडेलच्या, कामात स्टोरीबोर्ड (शॉटमागून शॉट काढलेली रेखाचित्रं) हा मुख्यतः हिशेबाचा कागद आहे. चित्र सुबक नसलं तरी चालतं, शेजारची नोंद चुकली तर चालत नाही.

रेखाचित्रं ओळीने भिंतीवर टाचून गोष्ट तपासण्याची रीत १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला डिस्नेच्या ॲनिमेशन स्टुडिओत रुळली. पुढे चित्रपटांनी ती उचलली. टेलिव्हिजनला मात्र तिची निकड वेगळ्या कारणाने भासली: पुढच्या भागाची तारीख कधीच हलत नसे.

ब्रिटनमध्ये स्लाव इथल्या स्टुडिओत ‘थंडरबर्ड्स’ (१९६५-६६) ही विज्ञानकथा मालिका तयार होत होती. पंचवीस मिनिटांचे भाग आधीच हातात होते. पहिला भाग पाहून मालिकेला पैसा पुरवणाऱ्या कंपनीचे प्रमुख ल्यू ग्रेड यांनी ते पन्नास मिनिटांचे करायला सांगितले आणि डेरेक मेडिंग्ज यांच्या विशेष दृश्य विभागावर कामाचा डोंगर कोसळला. मेडिंग्ज यांची सरकती जमीन मला आजही विलक्षण वाटते. वाहन जागेवरच उभं राही, खालचा पट्टा मागे धावे आणि कॅमेऱ्याला ते भरधाव वाटे.

इथेच प्रमाणाचं गणित येतं. छोट्या मॉडेलमध्ये पडण्याचं अंतरही छोटं असतं आणि त्याला वेळ कमी लागतो, म्हणून मोठ्या वस्तूचा भारदस्तपणा हवा असेल तर चित्रीकरण जास्त वेगाने करून ते नेहमीच्या गतीने दाखवावं लागतं. हा वेग प्रमाणाच्या वर्गमुळाने वाढतो: मॉडेल खऱ्याच्या १/२५ असेल तर पाचपट, म्हणजे सेकंदाला २४ ऐवजी १२० फ्रेम. आग आणि पाणी या गणितालाही पुरतं जुमानत नाहीत. पाण्याचा थेंब काही लहान होत नाही. म्हणून असे शॉट आखताना मॉडेल मोठं करायचं की दृश्यच बदलायचं, हे आधी ठरवावं लागे.

त्याच सुमारास अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ मालिकेतल्या एंटरप्राइझ यानाचं मुख्य मॉडेल तब्बल ११ फुटांचं होतं. दिव्यांच्या तारा डाव्या बाजूने बाहेर येत, त्यामुळे चित्रीकरण उजव्या बाजूचंच होई. साहजिकच ते यान पडद्यावर बहुतेक वेळा उजवीकडे जाताना दिसतं. शॉटची दिशा एका तारेने ठरवली!

माझ्या मते आखणीची खरी परीक्षा ‘स्पेस: १९९९’ (१९७५-७७) या मालिकेने घेतली. ब्रायन जॉन्सन यांच्या चमूने खर्चिक ऑप्टिकल जोडकाम (वेगवेगळ्या फिल्मवरची चित्रं नंतर एकत्र छापणं) शक्य तितकं टाळलं आणि कॅमेऱ्यातच काम उरकलं. काळ्या पार्श्वभूमीवर यान चित्रित करायचं, तीच निगेटिव्ह मागे गुंडाळायची, मग तिच्यावरच तारे किंवा दुसरा घटक टिपायचा. यानाच्या वाटेत तारा आला तर तो यानातून आरपार दिसण्याचा धोका असे आणि शेवटच्या फेरीतली चूक आधीच्या सगळ्या फेऱ्या वाया घालवी. त्यामुळे चौकटीतला कोणता कोपरा रिकामा ठेवायचा, कोणत्या फ्रेमला काय सुरू होणार, हे आधी लिहून ठेवण्याला पर्याय नव्हता. मालिकेतल्या ईगल यानांच्या त्या दृश्यांची निखळ स्पष्टता या शिस्तीतूनच आली.

१९७७ नंतर मोशन कंट्रोल आलं. कॅमेऱ्याची हालचाल यंत्राच्या स्मरणात राहू लागली आणि ती हुबेहूब पुन्हा करता येऊ लागली. १९८७ च्या ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’मध्ये एकाच शॉटसाठी यानाचा पृष्ठभाग, खिडक्यांचे दिवे, इंजिनाचा उजेड आणि मॅट (यान पार्श्वभूमीपासून वेगळं करणारी त्याची छायाकृती) यांच्या फेऱ्या वेगवेगळ्या घेतल्या जात. आखणीत आणखी एक प्रश्न वाढला: हा शॉट पुढे दुसऱ्या भागात वापरता येईल का? कक्षेत फिरणारं किंवा समोरून निघून जाणारं यान एकदा नीट टिपलं की ते अनेक भागांना पुरे.

१९९३ मध्ये ‘बॅबिलॉन ५’ मालिकेने आपली अंतराळयानं थेट संगणकात घडवली आणि मॉडेलची टेबलं हळूहळू रिकामी झाली. तरीही २०१९ मध्ये ‘द मँडलोरियन’ या मालिकेसाठी विशेष दृश्यांचे जाणकार जॉन नॉल यांनी मोशन कंट्रोलचं यंत्र पुन्हा उभारलं आणि तिच्यातल्या रेझर क्रेस्ट यानाच्या छोट्या मॉडेलसमोरून कॅमेरा त्याच जुन्या पद्धतीने, फेरीमागून फेरी फिरला.