मार्क ट्वेनची ‘कनेक्टिकट यांकी’ : प्रत निवडण्यापूर्वी

वाचकहो, सप्रेम नमस्कार.

मार्क ट्वेनचे पुस्तक मागायला येणारे बहुतेक जण मिसिसिपीकाठच्या पोरांच्या गोष्टी घेऊन जातात. त्याच लेखकाची ‘अ कनेक्टिकट यांकी इन किंग आर्थर्स कोर्ट’ ही कादंबरी मात्र कपाटात पडून राहते, नाहीतर मुलांसाठी म्हणून तिची छोटी आवृत्ती नेली जाते. याची आम्हांला मनापासून खंत वाटते, म्हणून हे पत्रक. ही कादंबरी विकत घ्या किंवा भाड्याने न्या, पण न गाळलेली प्रत न्या आणि शेवटच्या पानापर्यंत वाचा, एवढेच आमचे सांगणे आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. हँक मॉर्गन हा अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड गावच्या कोल्ट बंदूक कारखान्यातला वरिष्ठ देखरेख्या. हाताखालच्या एका दांडगटाशी त्याची जुंपते, डोक्यात पहार बसते आणि तो शुद्धीवर येतो तो थेट इ. स. ५२८ मध्ये, दंतकथांमधल्या राजा आर्थरच्या इंग्लंडात. तिथे त्याला जिवंत जाळायची शिक्षा होते. २१ जूनला खग्रास सूर्यग्रहण आहे हे त्याला आठवते. ‘सूर्यच विझवून टाकीन’ असा तो दम भरतो, ग्रहण लागते आणि कैद्याचा एकदम राज्याचा कारभारी होतो. लोक त्याला ‘बॉस’ म्हणू लागतात. मग शाळा, तारायंत्र, टेलिफोन, वर्तमानपत्र असा सपाटा सुरू होतो. साबणाच्या जाहिरातीच्या पाट्या अंगावर अडकवून सरदार गावोगाव हिंडतात.

पुस्तक १८८९ साली प्रसिद्ध झाले. यंत्रात बसून काळाचा प्रवास घडवणारी एच. जी. वेल्सची ‘द टाइम मशीन’ ही कादंबरी त्यानंतर सहा वर्षांनी आली. ट्वेनला अशा यंत्राची गरजच वाटली नाही, कारण त्याचा सगळा रस माणूस तिथे पोचल्यावर काय करतो यात होता.

कल्पना त्याला सुचली ती १८८४ च्या व्याख्यानदौऱ्यात. बरोबरच्या जॉर्ज वॉशिंग्टन केबल या लेखकाने त्याला पंधराव्या शतकातल्या टॉमस मॅलरी या लेखकाने सांगितलेल्या आर्थरच्या जुन्या कथा वाचायला सुचवले. त्या वाचता वाचता ट्वेनने आपल्या वहीत एक स्वप्न टिपून ठेवले : आपण चिलखतातले सरदार आहोत, खिसा नाही, खाज सुटली तर खाजवता येत नाही. बाराव्या प्रकरणात हेच स्वप्न सविस्तर येते. हँक भर उन्हात लोखंडात कोंडलेला. रुमाल शिरस्त्राणात ठेवलेला, तिथे हात पोचत नाही आणि घाम डोळ्यांत उतरतोय. शेवटी प्रवासात बरोबर असलेली सँडी ही तरुणी ते शिरस्त्राण काढते, त्यातच पाणी भरून आणते. तो पितो आणि उरलेले पाणी ती गळ्याजवळून चिलखताच्या आत ओतते. शौर्यगाथांमधले चकचकीत सरदार या एका प्रकरणात घामाघूम माणसे होऊन जातात. पुस्तक आवडेल की नाही याचा अंदाज घ्यायचा असेल तर दुकानात उभ्या उभ्या हे प्रकरण वाचून पाहा, आमची हरकत नाही.

हसवत हसवत ट्वेन वार करतो तो जन्मसिद्ध अधिकारांवर, धर्मसत्तेच्या दहशतीवर आणि गुलामगिरीवर. तो स्वतः मिसूरीत, गुलामगिरी कायदेशीर असलेल्या राज्यात वाढला होता. त्यामुळे साखळदंडांनी बांधलेल्या माणसांचे तांडे कादंबरीत येतात तेव्हा ती सहाव्या शतकाची ऐकीव हकिगत वाटत नाही. राजा आणि हँक वेष पालटून हिंडतात आणि दोघेही गुलाम म्हणून विकले जातात, हा भाग जरूर सावकाश वाचा. त्याआधीच्या एकोणतिसाव्या प्रकरणात देवीची साथ शिरलेल्या झोपडीत राजा स्वतः मरणाऱ्या मुलीला उचलून तिच्या आईजवळ आणतो. राजेशाहीवर इतका तुटून पडणारा लेखक त्या राजाला तिथे मनापासून मान देतो.

तेहतिसावे प्रकरण दुकानदारांनी तरी सोडू नये. एका लोहाराला आपल्या भागात दुप्पट मजुरी मिळते याचा भारी अभिमान. हँक समजावतो की तुमच्याकडे भाव दुपटीहूनही जास्त आहेत, तेव्हा पैसे किती मिळाले यापेक्षा त्यांत काय येते ते बघा. लोहाराला काही केल्या पटत नाही.

यंत्रांवर हँकइतकाच विश्वास ट्वेनचाही होता. अक्षरजुळणीच्या एका यंत्रात त्याने वर्षानुवर्षे पैसा ओतला, ते यंत्र चालले नाही. हे पुस्तक छापणारी त्याची स्वतःची प्रकाशनसंस्था १८९४ साली बुडाली. देणी फेडण्यासाठी साठीच्या उंबरठ्यावर तो जगभर व्याख्याने देत निघाला. जानेवारी १८९६ मध्ये तो मुंबईत होता, वॉटसन्स हॉटेलात उतरला होता. काळा घोड्याजवळची ती इमारत आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. त्याने सारी देणी पुढे चुकती केली.

आता शेवटाविषयी. हँकची यंत्रे अखेरीस विजेची तारकुंपणे आणि गॅटलिंग तोफा (सलग गोळ्या झाडणाऱ्या बंदुका) होतात. एका बाजूला चोपन्न जण, दुसऱ्या बाजूला पंचवीस हजार सरदार. लढाईचे आणि त्यानंतरचे काही आम्ही सांगत नाही. छोट्या आवृत्त्यांत आणि चित्रपटांत नेमका हाच भाग अनेकदा सौम्य केलेला किंवा वगळलेला असतो, आणि मग हाती फक्त गंमत राहते.

स्वामित्वहक्क केव्हाच संपल्याने बाजारात या पुस्तकाच्या असंख्य आवृत्त्या आहेत. प्रत घेताना अनुक्रमणिका उघडा : ४४ प्रकरणे असली पाहिजेत. शक्य असेल तर डॅन बिअर्डच्या मूळ चित्रांसह घ्या. त्यातल्या मर्लिन जादूगाराला त्याने टेनिसन कवीचा चेहरा दिला आहे आणि गुलामांच्या मुकादमाला जे गूल्ड या अमेरिकन धनाढ्याचा. सँडीच्या तोंडी येणाऱ्या जुन्या वळणाच्या लांबलचक कहाण्या कंटाळवाण्या वाटल्या तर भरभर पुढे जा. हँकही त्या ऐकताना कंटाळतो.

भाड्याने नेणाऱ्यांना या पुस्तकासाठी मुदत वाढवून देऊ. विकत घेतलेली प्रत घरी गेल्यावर संक्षिप्त निघाली, तर पावतीसह आणा, पूर्ण प्रतीशी बदलून देऊ.