पार्सर जनरेटर

प्रोग्रॅमिंग भाषेचे व्याकरण नियमांच्या रूपात दिले की त्या भाषेतला मजकूर वाचून त्याची रचना उलगडणारा प्रोग्रॅम, म्हणजे पार्सर, आपोआप लिहून देणारे साधन. बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी १९७० च्या दशकात केलेले ‘यॅक’ हे यातले सर्वांत गाजलेले. १९८५ च्या सुमारास रॉबर्ट कॉर्बेट यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधून पुढे ‘बायसन’ हा त्याचा ओपन सोर्स वारसदार घडला. टेरेन्स पार यांचे ‘अँटलर’ आणि कोड लिहिण्याच्या संपादक-प्रोग्रॅममध्ये तो रंगीत दाखवण्यासाठी वापरले जाणारे ‘ट्री-सिटर’ ही नंतरची. सांगलीतल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याची या प्रकाराशी पहिली गाठ बहुधा कंपायलरच्या (कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) प्रात्यक्षिकात, लेक्स-यॅकच्या जोडीने पडते; लेक्स मजकुराचे शब्द सुटे करून देतो, यॅक त्यांची रचना जुळवतो. तिथे साधन ठरलेले असते. स्वतःची भाषा करायला घेतली की निवड करावी लागते.

समजा, मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्यानंतर शेतकऱ्याला मिळणारी पट्टी मांडायला एक छोटी भाषा केली. रक्कम ९००, हमाली ६०, तोलाई ४०. ओळ अशी: ९०० - ६० - ४०. ‘पद म्हणजे संख्या, किंवा पद वजा पद’ एवढाच नियम दिला तर बायसन ‘शिफ्ट-रिड्यूस’ संघर्षाची, म्हणजे पुढचे चिन्ह घ्यायचे की आधीचे पद पूर्ण करायचे या पेचाची, ताकीद देतो, पण पार्सर करून देतोच. तो पार्सर उजवीकडची वजाबाकी आधी करतो आणि पट्टी ८०० ऐवजी ८८० ची निघते. शेतकऱ्याची हरकत नसेल, अडत्याची नक्की असेल. वजाचे चिन्ह डावीकडून जुळते, अशी एक ओळ व्याकरणात घातली की हिशेब जमतो. पार्सर तयार झाला म्हणून ताकीद न वाचता पुढे जाणे ही नवशिक्यांची हमखास चूक.

परवान्याचा प्रश्न इथे दुहेरी असतो: साधनाचा परवाना वेगळा आणि त्यातून निघालेल्या कोडचा वेगळा. बायसन जीपीएल या, त्यावर बेतलेले सॉफ्टवेअर वाटताना तेही मुक्त ठेवायला लावणाऱ्या, परवान्याखाली आहे आणि त्याच्या साच्याचा बराच भाग तयार पार्सरमध्ये उतरतो. त्यामुळे पूर्वी असे पार्सर फक्त मुक्त सॉफ्टवेअरमध्येच वापरता येत. पुढे खास सवलत देऊन ही अट काढली. त्याच साच्यावर दुसरा पार्सर जनरेटर करायचा असेल तर मात्र ही सवलत लागू नाही. अँटलर बीएसडी आणि ट्री-सिटर एमआयटी या सैल अटींच्या परवान्यांखाली असल्याने तिथे एवढी भानगड नाही.

भाषेतले शब्द मराठी ठेवायचे असतील तर आणखी एक खाचखळगा आहे. लेक्सच्या जागी वापरला जाणारा ‘फ्लेक्स’ अक्षरे नव्हे, बाइट वाचतो. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड या सर्व लिप्यांच्या अक्षर-यादीतली अक्षरे बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीत, ‘हमाली’ त्याला १५ बाइटची दिसते. अँटलर ४ ला युनिकोडचे वर्ग कळतात, पण युनिकोडच्या हिशेबी काना-वेलांटी ही ‘अक्षरे’ नाहीत, ‘चिन्हे’ आहेत. नावाच्या नियमात फक्त अक्षरांचा वर्ग लिहिला तर ‘हमाली’ ‘हम’पाशीच तुटते. चिन्हांचा वर्गही त्यात घालावा लागतो.