हरिकेनआधीची इमर्जन्सी : फ्लोरिडात अर्ज कोण करतो, मिळतं कोणाला आणि कागद कोणते लागतात

वादळ मेक्सिकोच्या आखातात घोंघावायला लागलं की टँपा-ऑरलँडोकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो : ‘इमर्जन्सी डिक्लेअर झाली, फीमाचा फॉर्म भरा, साडेसातशे डॉलर मिळतायत.’ (फीमा म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारचं आपत्ती खातं.) यातलं पहिलं वाक्य बहुतेक वेळा खरं असतं. पैशांचं मात्र त्या दिवशी तरी खरं नसतं. घोषणा तीन असतात, त्यांचे कायदे वेगळे, आणि पहिल्या दोन घोषणांत घरोघरी वाटायला एक डॉलरही नसतो.

पहिली घोषणा गव्हर्नरची. फ्लोरिडाच्या राज्य कायद्याचं २५२ वं प्रकरण त्यांना हा अधिकार देतं. ती जास्तीत जास्त ६० दिवस चालते, पुढे वाढवता येते. तिच्यामुळे नॅशनल गार्डला बोलावता येतं, टोल माफ करता येतो, इंधनाच्या ट्रकांवरची वजनाची आणि तासांची बंधनं सैल करता येतात. जीवनावश्यक वस्तूंचे भाव आधीच्या ३० दिवसांच्या सरासरीच्या मानाने भरमसाट चढवणं त्या क्षणापासून बेकायदा ठरतं. म्हणजे प्लायवूड, पाणी, पेट्रोल, हॉटेलची खोली यात कोणी लूट करत असेल तर राज्याच्या अॅटर्नी जनरलकडे तक्रार करता येते. पावती जपून ठेवा, एवढंच.

दुसरी घोषणा राष्ट्राध्यक्षांची, १९८८ च्या स्टॅफर्ड कायद्याखालची ‘इमर्जन्सी’. वादळ किनाऱ्याला लागण्याआधीच ती मिळू शकते. पण ती राज्याला आणि काउंट्यांना (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) असते, घरच्या माणसाला नाही.

तिसरी ‘मेजर डिझास्टर’. तीही राष्ट्राध्यक्षांचीच, पण बहुधा वादळ येऊन गेल्यावरची. आपल्या काउंटीचं नाव तिच्यात असेल आणि नावापुढे ‘इंडिव्हिज्युअल असिस्टन्स’ म्हणजे व्यक्तिगत मदत असं लिहिलेलं असेल, तरच घरच्या माणसाने फीमाचा फॉर्म भरायचा.

इयान वादळाच्या तारखा पाहिल्या की हा क्रम नीट कळतो. २३ सप्टेंबर २०२२ ला गव्हर्नरनी २४ काउंट्यांत आणीबाणी लावली, दुसऱ्या दिवशी ती सगळ्या ६७ काउंट्यांना लागू केली. त्याच २४ तारखेला वॉशिंग्टनहून केंद्राची इमर्जन्सी मंजूर झाली. २८ ला ताशी १५० मैलांच्या वाऱ्यानिशी वादळ कायो कोस्टा बेटावर आदळलं. मेजर डिझास्टर जाहीर झालं ते २९ ला, आणि व्यक्तिगत मदतीसाठी सुरुवातीला ९ काउंट्या घेतल्या, बाकीच्या मागाहून जोडल्या. म्हणजे २४ ते २९ या पाच दिवसांत ‘इमर्जन्सी’ होती, पण कुटुंबासाठी अर्ज नव्हता.

राज्य स्वतः अर्ज कसा करतं

आपल्याला कलेक्टरच्या हुकमाने हलणारी यंत्रणा सवयीची असते. इथे उलटं आहे, मागणी खालून वर जाते. आधी काउंटीचं आपत्ती केंद्र ठरवतं की आपल्याकडे बसेस किती, जनरेटर किती, शेल्टरमध्ये माणसं किती मावतील. जे कमी पडतं ते राजधानी टॅलहासीतल्या राज्याच्या आपत्ती केंद्राकडे मागायचं. ‘मदत पाठवा’ असं मोघम लिहून चालत नाही. किती क्षमतेचा जनरेटर, कोणत्या पत्त्यावर, कधीपर्यंत, तिथे उतरवून घेणारा माणूस कोण, हे सगळं लागतं. टॅलहासीत एका छताखाली वाहतूक, आरोग्य, वीज, इंधन, पोलीस अशा खात्यांची टेबलं असतात. मागणी ज्याची त्याच्या टेबलावर जाते. राज्यात नसेल तर दुसऱ्या राज्याकडून उसनं आणतात. त्यासाठी राज्याराज्यांत करार आहे, १९९२ च्या अँड्र्यू वादळाच्या धड्यातून आलेला आणि १९९६ मध्ये काँग्रेसने मंजूर केलेला. वादळाआधी हायवेवर परराज्यांतल्या वीज कंपन्यांच्या क्रेनवाल्या ट्रकांची रांग दिसते, ती मात्र बहुतेक वीज कंपन्यांच्या आपसातल्या व्यवस्थेतून येते.

हे सगळं करूनही पुरणार नाही असं दिसलं, की गव्हर्नर राष्ट्राध्यक्षांच्या नावे पत्र लिहितात. ते जातं फीमाच्या अटलांटातल्या विभागीय कार्यालयामार्फत. पत्रात काय असावं हे नियमाने ठरलेलं आहे :

- राज्याने स्वतःची आणीबाणी योजना सुरू केली आहे, याची नोंद
- राज्य आणि काउंट्यांनी आतापर्यंत कोणती माणसं, सामान, पैसा लावला
- परिस्थिती आपल्या आवाक्याबाहेर का जाणार आहे
- केंद्राकडून नेमकं काय हवं आणि कोणत्या काउंट्यांसाठी

वादळ अजून समुद्रात असल्यामुळे नुकसानीचे आकडे नसतात. त्यांच्या जागी मायामीच्या नॅशनल हरिकेन सेंटरचा अंदाज आणि घरं सोडण्याचे काउंट्यांचे आदेश हाच पुरावा. मंजूर होतं ते मुख्यतः जीव वाचवण्याचं काम : शेल्टर, बचाव पथकं, पाणी-जेवणाचा साठा, जनरेटर. खर्चाचा किमान ७५ टक्के वाटा केंद्र उचलतं. एका इमर्जन्सीमागे ५० लाख डॉलरची मर्यादा आहे; ती ओलांडता येते, पण राष्ट्राध्यक्षांना काँग्रेसला कळवावं लागतं.

कागदावर हे सोपं दिसतं. दोन वादळं पाठोपाठ आली की काय होतं, ते २०२४ मध्ये दिसलं. हेलीन २६ सप्टेंबरला आलं. ते धडकलं दूर उत्तरेला पेरी गावाजवळ, पण त्याने टँपाजवळच्या पिनेलास काउंटीच्या किनारी बेटांवर समुद्र घरात आणला. लोकांनी भिजलेले सोफे, गाद्या, फ्रिज, भिंतींचे उचकटलेले तक्ते काढून रस्त्याकडेला ढीग लावले. ते उचलायच्या आत मिल्टन निघालं, आणि ९ ऑक्टोबरच्या रात्री सिएस्टा कीजवळ धडकलं. रस्त्याकडेचा फ्रिज ताशी १०० मैलांच्या वाऱ्यात आणि वाढत्या पाण्यात शेजाऱ्याच्या घरात घुसतो. म्हणून मिल्टनच्या आधीचे तीन-चार दिवस राज्याचं मोठं काम होतं कचरा उचलण्याचं. कचरा डेपो चोवीस तास उघडे ठेवण्याचा आदेश गव्हर्नरना काढावा लागला, ट्रक रात्रंदिवस फिरले. तरी सगळं उचलून झालं नाही. वादळाची तयारी म्हटलं की टीव्हीवर वाळूची पोती दिसतात. कोणत्या डेपोचं फाटक रात्री उघडं राहणार, हा प्रश्न तितकाच मोठा असतो.

घरच्यांनी वादळाआधी करायच्या नोंदी

*झोन.* काउंटीच्या वेबसाइटवर पत्ता घातला की ए, बी, सी असं अक्षर येतं. तो तुमचा इव्हॅक्युएशन झोन, समुद्राचं पाणी किती आत येईल त्यावरून ठरवलेला. विम्याच्या कागदावर लिहिलेला फ्लड झोन ही वेगळी गोष्ट आहे, आणि दोन्हींत गल्लत करणारे पुष्कळ. विम्याच्या नकाशात ‘एक्स’ म्हणजे कमी धोक्याचं घर असूनही इव्हॅक्युएशन झोन ‘बी’ असू शकतो. काउंटीने ए आणि बी रिकामे करायला सांगितले तर निघायचं, विम्याचा नकाशा काहीही म्हणो. घर सोडण्याचा आदेश सहसा काउंटीच देते. इयानमध्ये ली काउंटीचा आदेश २७ तारखेच्या सकाळी आला आणि उशिरा आला म्हणून त्यावर खूप टीका झाली. हरिकेनचा ‘वॉच’ जोराचे वारे पोचण्याच्या साधारण ४८ तास आधी लागतो, ‘वॉर्निंग’ ३६ तास आधी. लहान मुलं नाहीतर म्हातारी माणसं घरात असतील तर वॉचलाच बॅगा भरलेल्या बऱ्या.

*स्पेशल नीड्स नोंदणी.* घरात कोणी ऑक्सिजनवर असेल, विजेवर चालणारं उपकरण लागत असेल, एकट्याने हलता येत नसेल, तर काउंटीच्या यादीत नाव आधी घालायचं. राज्याच्या आरोग्य खात्याच्या वेबसाइटवरही फॉर्म आहे. लागतं ते असं : आजार, औषधांची यादी, डॉक्टरांचं नाव, उपकरणाची माहिती, सोबत कोण येणार, गाडीची सोय हवी का. काही काउंट्या डॉक्टरांची सही मागतात. नोंद दर वर्षी नवी करावी लागते. वादळ दोन दिवसांवर आल्यावर फोन केला तर नाव घेतील, पण गाडी येईलच याची खात्री कोणी देणार नाही. आणि हे शेल्टर म्हणजे हॉस्पिटल नव्हे. वीज आणि नर्स असते, पण सांभाळणारा माणूस घरचाच लागतो. औषधं, चादर, उशी आपली.

*औषधं.* हरिकेन वॉर्निंग किंवा गव्हर्नरची आणीबाणी लागू झाली की, तारीख झाली नसली तरी ३० दिवसांचं औषध आधी भरून घेता येतं. त्याचे पैसे विमा कंपनीने द्यायचे असतात. हा नियम इथल्या प्रिस्क्रिप्शनला आणि इथल्या विम्याला. पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांच्या बीपीच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. त्यांच्या गोळ्या, मूळ चिठ्ठी आणि प्रवासी विम्याचा कागद एका पिशवीत ठेवा.

*विमा.* केंद्राच्या पूर योजनेचा विमा घेतल्यावर लागू व्हायला सर्वसाधारणपणे ३० दिवस जातात. वादळाला नाव पडल्यावर तो घेऊन काही उपयोग नाही. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर नसतोच. त्यात हरिकेनचं डिडक्टिबल वेगळं असतं, बरेचदा घराच्या विमा रकमेच्या २ टक्के. चार लाखांच्या घराला पहिले ८,००० डॉलर तुमचे. पॉलिसी आजच उघडून पाहा.

फीमाचा अर्ज : पात्र कोण

मेजर डिझास्टरमध्ये आपली काउंटी आली असं धरू. घर स्वतःचं असो वा भाड्याचं, वादळाच्या वेळी ते तुमचं राहतं घर असायला हवं. गुंतवणुकीचा फ्लॅट चालत नाही. विम्याने भरून दिलेलं पुन्हा मिळत नाही.

नागरिकत्वाची अट आपल्या लोकांना जास्त छळते. रोख मदत मिळते ती अमेरिकी नागरिकाला, ग्रीन कार्डवाल्याला, आश्रय किंवा निर्वासित दर्जा असलेल्याला आणि अशाच काही ठरावीक वर्गांना. एच-वन-बी, एच-फोर, एफ-वन, बी-टू अशा तात्पुरत्या व्हिसांवर असलेल्यांना नाही. कर किती वर्षं भरला याचा संबंध नाही.

पण घरात इथे जन्मलेलं १८ वर्षांखालचं मूल असेल, आपल्याबरोबर राहत असेल आणि त्याचा सोशल सिक्युरिटी नंबर असेल, तर आई किंवा बाबा त्या मुलाच्या नावाने अर्ज करू शकतात. अशा अर्जात पालकाचा व्हिसा विचारला जात नाही. ही वाट अनेकांना माहीतच नसते. फॉर्मवर मात्र ‘मी नागरिक किंवा पात्र परदेशी आहे’ आणि ‘मी अल्पवयीन पात्र मुलाचा पालक आहे’ अशा वेगवेगळ्या चौकटी असतात. घाईत पहिल्या चौकटीवर खूण करू नका. सही खोट्या साक्षीच्या कलमाखाली होते, आणि नागरिकत्वाचा खोटा दावा पुढे ग्रीन कार्डच्या मुळावर येऊ शकतो. शंका असेल तर आधी वकिलाला विचारा. आपत्तीनंतर मोफत कायदेशीर सल्ल्याची सोय असते.

शेल्टर, जेवण, पाणी, बचाव, मानसिक आधार यांसाठी व्हिसा आड येत नाही. आई-बाबा पर्यटक व्हिसावर असले तरी त्यांना शेल्टरमध्ये घेऊन जा.

त्या प्रसिद्ध साडेसातशे डॉलरविषयी : ती तातडीच्या गरजांसाठीची पहिली रक्कम, ऑक्टोबर २०२४ पासून ७७० झाली. ती सगळ्यांना आपोआप मिळत नाही आणि पूर्ण मदतही तेवढीच नसते. घरदुरुस्ती, तात्पुरतं भाडं, सामान यांचा हिशेब वेगळा होतो.

कागद आणि पद्धत

अर्ज डिझास्टर असिस्टन्स डॉट गव्ह या वेबसाइटवर, फीमाच्या अॅपवर, १-८००-६२१-३३६२ या फोनवर, नाहीतर काउंटीत उघडलेल्या मदत केंद्रात. दुभाषा फुकट मिळतो. मुदत साधारणपणे घोषणेपासून ६० दिवस, पुष्कळदा वाढते. त्या भरवशावर राहू नये. हाताशी ठेवायचं :

- सोशल सिक्युरिटी नंबर (तुमचा किंवा मुलाचा)
- नुकसान झालेल्या घराचा पत्ता, सध्याचा पत्ता आणि लागणारा फोन
- विम्याची माहिती, क्लेम केला असेल तर कंपनीचं पत्र
- वार्षिक उत्पन्न
- बँक खातं आणि रूटिंग नंबर
- राहत असल्याचा पुरावा : भाडेकरार, वीजबिल; मालक असाल तर डीड (खरेदीखत) किंवा मालमत्ता कराची पावती

यातली निम्मी कागदं वादळाआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवता येतात. प्रत्येक खोलीचा एक व्हिडिओही काढा, कपाटं उघडून. ओळखपत्रावर सध्याचाच पत्ता हवा : वादळानंतर बेटांवरचे पूल पोलीस अडवतात आणि पत्ता दाखवल्याशिवाय आत सोडत नाहीत. काही ठिकाणी मोसमाआधी प्रवेशाचे पास देतात, ते घेऊन ठेवलेले बरे.

कोकणात २०२० च्या निसर्ग वादळानंतर पंचनाम्याला तलाठी दारात आला, तशी इथे वाट पाहत बसू नका. तुम्ही नोंद केल्याशिवाय तुमची फाइल नसते. नोंद झाल्यावर पाहणीसाठी फोन येतो. तो अनोळखी नंबरवरून असतो, म्हणून उचला. पण पाहणीचे पैसे मागणारा माणूस फीमाचा नसतो.

‘अपात्र’ असं पत्र आलं तर शेवटपर्यंत वाचा. बरेचदा कारण असतं विमा कंपनीचं पत्र न जोडल्याचं, नाहीतर पत्ता न जुळल्याचं. तो कागद जोडून पत्राच्या तारखेपासून ६० दिवसांत अपील करता येतं. प्रत्येक पानावर अर्ज क्रमांक आणि आपत्तीचा क्रमांक लिहा.